मुलांसोबत घरी केमिस्ट्री करायची तर आधी लेबलं
आधी लेबलं, बाकी सगळं नंतर. मागच्या वेळी मी तीन सारख्याच काचेच्या ग्लासांत पाणी, व्हिनेगर आणि चुन्याची निवळी भरून ओट्यावर ठेवली, तिन्ही दिसायला पाणीच, आणि भाची खेळून तहानलेली आली ती सरळ निवळीचा ग्लास तोंडाला. एकच घोट, लगेच थुंकला, चुळा भरायला लावल्या, डॉक्टरकडे नेलं, पण तिचे ते लाल ओठ मी अजून विसरले नाहीये. म्हणून मास्किंग टेप आणि परमनंट मार्कर हे पहिलं सामान. लेबल ग्लासावरच लावा, झाकणावर नको, झाकणं इकडची तिकडे होतात. आणि ओतायच्या आधी लावा, ओल्या काचेला टेप चिकटत नाही.

सामान इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतं. खायचा सोडा हवा, तो मीठा सोडा म्हणून मागा, नुसतं सोडा म्हटलं की धुण्याचा सोडा पुडीत येऊ शकतो, तो हाताला झोंबतो. चुना पानाचा, विझलेला. कळीचा चुना अजिबात नको! पाणी पडलं की उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा चुना पुरे, त्यातला जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं निवळ पाणी बाटलीत काढा. त्या बाटलीला लेबल रात्रीच लावून ठेवा, सकाळच्या घाईत राहतं, माझं तसंच राहिलं होतं.

जास्वंदीची पाच-सहा लाल फुलं गरम पाण्यात टाका, पण बोअरचं पाणी नको, ते जड असतं, रंग आधीच बदलतो आणि मग लिंबाने गुलाबी, सोड्याने हिरवा हे मुलांना नीट दिसत नाही. रंग बदलून दाखवायला हळदही चालते, ती घरात असतेच.

सोडा-व्हिनेगरच्या बाटलीला बूच लावायचं नाही, फुगाच लावायचा. एक चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम सोडा, व्हिनेगर पुरेसं असलं तर त्यातून सव्वा लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, बंद बाटलीत तो जाणार कुठे, बाटली फुटते.

निवळी श्वासाने दुधाळ होते ते बघायला तिच्यात स्ट्रॉने फुंकायचं, ओढायचं नाही, हे प्रत्येक मुलाकडून आधी साध्या पाण्यात करून घ्या. कोणता ग्लास साध्या पाण्याचा? लेबल वाचा.

गॉगल सगळ्यांना. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच त्या खोलीत ठेवूच नका, एकत्र आले तर क्लोरिन गॅस होतो.

झालं की सगळं सिंकमध्ये, भरपूर पाणी, हात साबणाने. प्रयोगाचे ग्लास परत प्यायला नको. बाटलीत उरलेली निवळी उंच फळीवर, लेबल बाहेरच्या बाजूला करून.