ग्रास कटर दुरुस्ती शिकताय? कार्बोरेटरचा स्क्रू सगळ्यात शेवटी

सिंधुदुर्गात ग्रास कटरच्या दुरुस्तीचा हंगाम गणपतीच्या आधी सुरू होतो. चाकरमानी गावात यायच्या आत खळे, पाणंद, घराभोवतीचे रान साफ व्हायला हवे असते. ते आटोपते न आटोपते तोच आंबा-काजूच्या बागांची साफसफाई येते आणि पाठोपाठ भातकापणी. मागच्या हंगामापासून पडवीच्या कोपऱ्यात उभे असलेले मशीन याच दिवसांत बाहेर निघते, दहा-वीस वेळा दोरी ओढून हात दुखतो आणि मग ते आपल्याकडे येते. या कामात येऊ पाहणारी बरीच मुले मला विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

शिक्षणाचे म्हणाल तर आयटीआयचा एक वर्षाचा डिझेल मेकॅनिकचा किंवा दोन वर्षांचा कृषी यंत्रांचा ट्रेड केलेला असेल तर हात बसलेला असतो, पाने-मापे ओळखीची असतात. जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकली उघडलेल्या मिस्त्रीला तर इंजिन नवे नाही. पण दोन गोष्टी त्यालाही नव्याने शिकाव्या लागतात. पहिली म्हणजे या मशीनच्या कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट नसतो. मशीन आडवे, तिरके, कसेही धरले तरी चालायला हवे, म्हणून पेट्रोलचे नियंत्रण डायफ्रामकडे, म्हणजे रबरी पडद्याकडे असते आणि पेट्रोल ओढायचा पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतल्या, दाबाच्या धक्क्यांवर चालतो. दुसरी म्हणजे बहुतेक सिलिंडरना आतून क्रोम किंवा तत्सम कडक मुलामा असतो. मोटरसायकलसारखे रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा कापून, पुढच्या मापाचा पिस्टन टाकता येत नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचे आतले भोक, गेला की सिलिंडर-पिस्टनचा पूर्ण सेटच बदलायचा.

आता मुख्य मुद्दा. मशीन हातात आले की नव्या मुलाचे हात कार्बोरेटरच्या एच आणि एल स्क्रूकडे शिवशिवतात. एच पूर्ण रेसचे पेट्रोल ठरवतो, एल कमी रेसचे. थोडे इकडे, थोडे तिकडे केले की मशीन बरे चालल्यासारखे वाटते, गिऱ्हाईक खूश होते. पण दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा तो प्रकार होतो. टू-स्ट्रोकमध्ये हा नुसता वेळेचा अपव्यय नसतो. पेट्रोलबरोबरच ऑइल जाते, त्यामुळे एच स्क्रू आवळून पेट्रोल कमी केले की वंगणही कमी होते. मशीन छान तेज आवाज काढते आणि त्याच तेज आवाजात पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

म्हणून मी आधी गिऱ्हाइकाला बोलू देतो. "मेस्त्री, मशीन चालू होता, पण रेस दिली काय बसता," एवढ्या एका वाक्यात निम्मे निदान असते. आयडलला, म्हणजे रेस न देता, चालते आणि रेसला बसते म्हणजे पेट्रोल पुरेसे येत नाही किंवा धूर नीट बाहेर जात नाही. बऱ्याच सायलेन्सरमध्ये ठिणग्या अडवायची बारीक जाळी असते, ती कार्बनने बुजलेली असली तर हेच लक्षण दिसते. दहा मिनिटे चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण सैल केले की पुन्हा चालते, असे कुणी सांगितले तर टाकीचा हवा घ्यायचा व्हेंट तुंबलेला आहे, बाकी काही उघडू नका. इंजिन ओरडते पण पाते फिरत नाही, तर क्लच किंवा शाफ्टचे दाते बघा. शेवटचे कधी चालवले, पेट्रोल कधीचे आहे, ऑइल कोणी आणि कशाने मोजून घातले, हे तीन प्रश्न तर ठरलेलेच.

मग टाकीतले पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओतायचे आणि उजेडात धरायचे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत पाण्याला काय तोटा! पाणी एका मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात. बाटलीत तो स्पष्ट दिसतो, गढूळसर आणि वरच्या थरापेक्षा फिका. ऑइल राहते वरच्या पेट्रोलमध्ये. टाकीतला फिल्टर मात्र तळाशी लोळत असतो, त्यामुळे इंजिनाला मिळतो तो नेमका खालचा, बिनऑइलचा थर. ही बाटली गिऱ्हाइकालाही दाखवावी. तोंडी सांगून जे पटत नाही ते बघून लगेच पटते.

ऑइलचे प्रमाण हा दुसरा घोळ. चांगल्या प्रतीच्या टू-स्ट्रोक ऑइलवर चालणाऱ्या बऱ्याच मशीनना ५०:१ सांगितलेले असते, म्हणजे लिटरला २० मिली. बाजारात आलेल्या कित्येक स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत २५:१ असते, म्हणजे लिटरला ४० मिली. पुस्तिका बघायची आणि औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणून तिनेच मोजायचे. बाटलीच्या बुचाने मोजणाऱ्यांची मशीन माझ्याकडे दरवर्षी येतात. आणि हो, होंडाचे जीएक्स ३५ इंजिन असलेले मशीन फोर-स्ट्रोक असते. त्यात साधे पेट्रोल आणि क्रँककेसमध्ये सुमारे १०० मिली इंजिन ऑइल वेगळे लागते. एकाच घरात दोन्ही प्रकारची मशीन असली की कॅन बदलतात. मी टाकीवर ऑइलपेंटने ठळक लिहूनच देतो.

पेट्रोलनंतर प्लग. ओला, कोरडा, काळा की पांढुरका, हे काढल्याकाढल्या बघायचे, पुसून नव्हे. प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, बहुतेक मशीनना ०.५ ते ०.७ मिमी. करंट तपासताना प्लग सिलिंडरच्या भोकापासून लांब टेकवायचा, आत उरलेली वाफ पेटते. करंट नसेल तर कॉईल बदलण्याआधी स्टॉप स्विचची वायर सोडवून बघा. ती कुठेतरी घासून बॉडीला लागलेली असते. कॉईल आणि मॅग्नेटमधले अंतर साधारण ०.३ मिमी, मध्ये व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळले की काम भागते.

त्यानंतरचे पाऊल बहुतेक जण घेत नाहीत आणि मला ते सगळ्यात मोलाचे वाटते. सायलेन्सर काढायचा. दोन-तीन बोल्ट असतात, पाच मिनिटांचे काम. एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून, दोरी हळूहळू ओढत पिस्टनची बाजू बघायची. गुळगुळीत आणि चकचकीत असेल, रिंग काडीने दाबल्यावर थोडी आत जाऊन परत येत असेल, तर इंजिन धड आहे. उभे ओरखडे दिसले तर कार्बोरेटर साफ करण्यात अर्थ नाही. ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर ऑइल कमी पडले किंवा मिश्रण पातळ झाले, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ते कार्बोरेटरच्या बाजूला असतील आणि पिस्टन तिथे मळकट, घासल्यासारखा दिसत असेल, तर एअर फिल्टरमधून धूळ गेली आहे. कारण न शोधता नवा सेट बसवला तर तो सेटही त्याच वाटेने जातो. गिऱ्हाइकाला खर्चाचा आकडा सांगायचा तो हे बघून झाल्यावरच, आधी नाही.

एका काजूच्या बागेतले ५२ सीसीचे मशीन माझ्याकडे आले होते. गरम झाले की आपोआप रेस वाढायची, ट्रिगर सोडला तरी खाली यायची नाही. आधी दोन ठिकाणी फिरून आले होते आणि एच स्क्रूच्या खाचेचे दोन्ही कान उडाले होते. पिस्टन बघितला, अजून धड होता. म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा आत जात होती. सायलेन्सर आणि कार्बोरेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून भोके बंद केली, पिस्टन खाली आणला आणि प्लगच्या भोकातून रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या फुग्याने हवा भरली. त्याचा काटा २५० पर्यंत नेला की आपल्याला हवा तेवढा दाब मिळतो आणि सील फुटायची भीती नसते. काटा टिकायला हवा होता, तो घसरत होता. सगळ्या जोडांना साबणाचे पाणी लावत गेलो. सिलिंडरखालचे पॅकिंग कोरडे, कार्बोरेटरकडचा जोड कोरडा. मॅग्नेट काढल्यावर मागच्या ऑइल सीलपाशी मात्र बारीक फेस उठू लागला. सीलची ओठासारखी कड नखाने दाबली तर प्लॅस्टिकसारखी कडक लागली, भोवती तेलात माखलेल्या धुळीचे कडे. सील बदलले, स्क्रू मूळ सेटिंगला आणला. मशीन त्याच दुपारी परत गेले.

एवढे सगळे झाल्यावर कार्बोरेटर उघडायचा. त्याआधी पेट्रोलची नळी वाकवून बघा, चिरा वाकवल्यावरच दिसतात. पंपाच्या बाजूच्या झाकणाखाली एक इवलीशी जाळी असते, कचरा तिथे अडकतो. डायफ्राम हातात घेऊन हलवल्यावर कडकड वाजला तर तो गेला, चांगला डायफ्राम लुळा असतो. क्लीनर मारण्याआधी रबराचे सगळे भाग बाहेर काढा. भोकांत तार घालू नका. आत पेट्रोल सोडणाऱ्या सुईच्या तरफेची उंची होती तेवढीच ठेवा. एच स्क्रू फिरवायचा तो शेवटी, मशीन गरम करून, आणि पूर्ण रेसला आवाज किंचित जड राहील इतपत. शक्य असेल तर इंजिनाचे फेरे मोजणारा टॅकोमीटर घ्या, कानावर विसंबायला काही हंगाम जावे लागतात.

पात्याकडचे काम सोपे, पण जीव तिथेच अडकतो. पात्याचे नट उलट्या आट्यांचे असते, नवा मुलगा सरळ समजून ते आणखी आवळतो. गिअर हेडमध्ये साधारण दर २०-२५ तासांनी ग्रीस हवे. आयडलला पाते फिरत असेल तर मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देऊच नका. आयडल कमी करून बघा, तरी फिरले तर क्लचची स्प्रिंग तुटलेली आहे. गार्ड काढून आणलेले मशीन गार्ड लावूनच परत करा, गिऱ्हाईक कुरकुरले तरी. उडालेल्या दगडाने डोळा गेलेला माणूस मी पाहिला आहे. चालू मशीनपासून १५ मीटरच्या आत कुणी उभे राहू नये, हे प्रत्येकाला तोंडाने सांगायचे.

धंद्याचे गणित हंगामाभोवती फिरते. गणपतीच्या तोंडावर पार्ट मागवला तर येईपर्यंत हंगाम निघून जातो. त्यामुळे मे महिन्यातच डायफ्राम, पेट्रोलच्या नळ्या, प्रायमर (पेट्रोल ओढायचा दाबायचा रबरी फुगा), प्लग, स्टार्टरची दोरी, ऑइल सील आणि ४० व ४४ मिमी बोअरचे सेट आणून ठेवतो. ४३ आणि ५२ सीसीची बहुतेक मशीन याच दोन बोअरवर चालतात. डिसेंबरात मशीन परत न्यायला येणाऱ्याला सांगतो, टाकी रिकामी करा, प्रायमर दाबून उरलेले पेट्रोल टाकीत आणा, तेही ओता आणि मग बंद पडेपर्यंत चालवा. जे हे करतात त्यांचे मशीन पुढच्या पावसाळ्यात बहुधा फक्त प्लग आणि ग्रीससाठी येते.