एका दिवसात मुंबईतली तीन लेणी: घरच्यांना घेऊन कसं जायचं

मुंबईत जन्म गेला तरी आपल्यातल्या बहुतेकांचं लेणी बघणं म्हणजे शाळेच्या ट्रिपमध्ये घारापुरी आणि कधीतरी नॅशनल पार्कला गेलो की कान्हेरी, एवढ्यावरच संपतं. बोरिवली ते जोगेश्वरी एवढ्याशा पट्ट्यात शैव आणि बौद्ध अशी तीन फार जुनी ठिकाणं आहेत, आणि आता मेट्रो झाल्यापासून ती एका दिवसात, गाडी न काढता, आई-बाबांना आणि पोरांना घेऊन आरामात होतात. मी नातेवाइकांना, शेजाऱ्यांना असं नेत असतो, म्हणून नीट लिहून ठेवतोय, म्हणजे तुम्हाला गाइड शोधायला नको, तुम्हीच तुमच्या माणसांचे गाइड व्हा.

पहिलं म्हणजे ठिकाणं तीनच ठेवा: मंडपेश्वर, कान्हेरी, जोगेश्वरी, ह्याच क्रमाने. लोक उत्साहात अंधेरीची महाकाली लेणी पण त्यात घुसडतात आणि मग चौथ्या ठिकाणी कोणाचंच लक्ष नसतं, सगळे मोबाईल बघत पायऱ्यांवर बसलेले असतात. महाकाली सुंदर आहे, तिथल्या चैत्यात, म्हणजे बौद्ध प्रार्थनेच्या दालनात, स्तूपाभोवती दगडातच कोरलेली गोल झोपडीसारखी खोली आणि तिला जाळीच्या खिडक्या आहेत, पण ती वेगळ्या रविवारी करा. घारापुरीला तर पूर्ण दिवसच द्यायचा, लाँचने जाण्यायेण्यातच कितीतरी वेळ जातो.

वार कुठलाही घ्या पण सोमवार नको, नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं (घारापुरी पण). आणि महाशिवरात्रीच्या दिवशी मंडपेश्वर आणि जोगेश्वरीला दर्शनाची गर्दी असते, त्या दिवशी जायचं तर दर्शनालाच जा, लेणं बघायला नाही. ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात कान्हेरी हिरवीगार आणि सगळीकडून पाणी वाहत असतं, बघण्यासारखीच असते, पण खडक शेवाळाने इतका निसरडा होतो की साठीच्या पुढच्या माणसांना तेव्हा मी नेत नाही.

सकाळी साडेसात-आठला मंडपेश्वर. मेट्रो २ए वर मंडपेश्वर नावाचंच स्टेशन आहे, तिथून रिक्षावाल्याला माउंट पॉइन्सरजवळची मंडपेश्वर गुंफा म्हणून सांगा. आजूबाजूला बिल्डिंगी, शाळा, आय सी कॉलनीची वर्दळ आणि मध्येच हे लेणं, बाहेरून बघून आत काय असेल याचा अंदाजच येत नाही. साधारण सहाव्या शतकातलं शैव लेणं, म्हणजे घारापुरीच्याच काळातलं. आत खांबांचा मंडप, मागे गाभाऱ्यात शिवलिंग, आणि आजही पूजा चालू आहे, त्यामुळे चपला बाहेर, आवाज हळू. पूजा चालली असेल तर आधी नमस्कार करून बाजूला व्हा, मग फिरा.

इथे तुमच्या ग्रुपला एकच गोष्ट सांगा, ती म्हणजे हे लेणं कोणाकोणाच्या हातातून गेलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचा चर्चसाठी वापर केला आणि वरच्या बाजूला मोठं चर्च आणि मठ बांधला. त्या बांधकामाच्या पडक्या भिंती अजून लेण्याच्या डोक्यावर उभ्या आहेत, बाहेर अंगणात उभं राहून वर बघितलं की एकाच नजरेत खाली कोरलेले खांब आणि वर पोर्तुगीज भिंती दिसतात. आत एका ठिकाणी जुनं शिल्प तासून तिथे मोठा क्रूस कोरलाय. मग १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि हा सगळा भाग मराठ्यांकडे आला. आता गाभाऱ्यात पुन्हा शंकराची पूजा आहे. हे सगळं शांतपणे सांगा, कोणाला दोष न देता, कारण तुमच्या ग्रुपमध्ये शेजारचे डिसोझा काका पण असू शकतात आणि ते लेणं त्यांचंही आहे. मला तर त्या क्रूसासमोर आणि तुटलेल्या नटराजासमोर सारखंच थांबावंसं वाटतं. नटराजाचा पट बाजूच्या दालनात आहे, बराच झिजलाय, मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका धरा, मग हातापायांची वळणं एकदम उठून दिसतात. ही टॉर्चची युक्ती पुढे दोन्हीकडे लागेल. नुसता उजेड पाडायचा, कॅमेऱ्याचा फ्लॅश मारायचा नाही, आणि शिल्पाला हात तर अजिबात नाही लावायचा.

तासाभरात तिथून निघायचं. परत मंडपेश्वर स्टेशन, दहिसर पूर्वला लाइन बदलते, गाडी पुढे कुठपर्यंत आहे ते अनाउन्समेंट ऐकून घ्या, आणि मेट्रो ७ वर राष्ट्रीय उद्यान स्टेशनला उतरा. स्टेशनवरच सगळ्यांना टॉयलेटला जाऊन यायला सांगा, लहान पोरांना तर सक्तीने. पार्कच्या गेटवर तिकीट काढायचं आणि कान्हेरीचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट वर वेगळं, ते क्यूआर स्कॅन करून ऑनलाइन काढता येतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. गेटपासून लेणी आत साधारण सहा किलोमीटर आहेत, बस मिळते. चालत जायचा हट्ट जवान मंडळी करतात, पण त्यात पायातला जोर खालीच संपतो आणि लेणी चढायला माणूस शिल्लक राहत नाही, बसनेच जा. उतरताना ड्रायव्हर-कंडक्टरला परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून ठेवा.

वर माकडं खूप आहेत. हातात पिशवी, चिप्सचं पाकीट, पाण्याची रिकामी बाटली काहीही दिसलं तरी ओढतात, त्यामुळे खायचं सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून. तिथे बायका काकडी, कैरी, बोरं विकायला बसतात, तिखटमीठ लावलेली काकडी जरूर घ्या, पण तिथेच उभ्याउभ्या संपवा आणि मग वर चढा. पाणी माणशी निदान एक लिटर.

आता कान्हेरी कशी दाखवायची. शंभरावर लेणी आहेत, सगळी बघायला गेलात तर काहीच बघून होणार नाही. काम इसवी सनाच्या आसपास सुरू झालं आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्खू राहत होते, मुंबई नावाचं शहर व्हायच्या कितीतरी आधी. मी क्रमांक ३, ११, ४१ आणि जमलं तर ९० एवढीच ठरवून दाखवतो, लेण्यांवर नंबर लिहिलेले असतात.

तीन नंबरचा चैत्य सुरुवातीलाच, थोड्या पायऱ्यांवर आहे, म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी इथपर्यंत यायचं आणि निवांत बसायचं, त्यांचं काही चुकलं असं होत नाही कारण कान्हेरीतलं सगळ्यात भव्य हेच आहे. व्हरांड्यात दोन्ही टोकांना साधारण सात मीटर उंचीचे उभे बुद्ध, दर्शनी भिंतीवर दांपत्यांची शिल्पं, आणि आत खांबांच्या दोन ओळींच्या शेवटी स्तूप. खांबांच्या डोक्याकडे बघायला सांगा, काहींवर हत्ती स्तूपावर पाणी घालताहेत असं कोरलंय, तर काही खांब साधे अष्टकोनीच राहिलेत, काम अर्धवट सुटल्यासारखे. इथल्या ब्राह्मी लेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं नाव येतं. पोरांना लेख दाखवून त्यातलं एखादं अक्षर शोधायला लावा, ‘क’ अगदी अधिकच्या चिन्हासारखा दिसतो, तो सापडला की पुढचा अर्धा तास ती पोरं प्रत्येक भिंतीवर क शोधत फिरतात.

पण मला विचाराल तर कान्हेरीत खरं बघायचं ते पाणी. मूर्ती सगळेच बघतात, पाण्याकडे कोणी लक्ष देत नाही. कुठल्याही लहान विहाराच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्याच्या, बाहेर उभे राहा आणि खाली बघा, बाजूला खडकात कोरलेलं टाकं असतं, तोंड चौकोनी, आणि तोंडाच्या कडेला आत एक खाच असते झाकण बसवायला. मग वर नजर न्या, दाराच्या डोक्यावरच्या खडकात बोटभर खोल पन्हळ खोदलेली दिसेल, पावसाचं पाणी दारावर न पडता बाजूला वळून टाक्यात उतरावं म्हणून. एका पन्हळीचा माग काढत जा, ती दुसरीला मिळते, पायऱ्यांच्या कडेने उतरते, टाक्यात संपते. पूर्ण डोंगर असा बांधलाय, म्हणजे कोरलाय. चार महिने पडणाऱ्या पावसावर बाकीचे आठ महिने काढायचे, तेही इतक्या माणसांनी, हे ज्यांनी त्या खडकावर छिन्नीने सोडवलं त्यांचं मला फार कौतुक वाटतं. शिलालेखांत टाक्यांना पोढी म्हटलंय, आणि पोढी दान केल्याचे लेख आहेत, कल्याण, सोपाऱ्याकडचे व्यापारी आणि साधी माणसं, त्यांनी कोणी टाकं दिलं, कोणी खोली, कोणी बसायचा ओटा. हे मुलांना सांगाच, लेणी राजाने हुकूम दिला आणि झाली असं त्यांना वाटत असतं.

अकरा नंबर म्हणजे दरबार, लांबलचक दालन आणि जमिनीत दोन बुटके दगडी ओटे टोकापर्यंत गेलेले. तिथे ग्रुपला ओट्याजवळ दोन ओळींत बसवा, दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. एरवी अशा सूचना लोकांना शाळकरी वाटतात पण इथे बसल्यावर जागा कशासाठी होती ते आपोआप कळतं.

एक्केचाळीस नंबरमध्ये अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे, भारतात असं शिल्प फार दुर्मीळ. आणि पायात जोर असेल त्यांनी नव्वदला जायचंच. तिथे अवलोकितेश्वर मध्ये उभा आणि दोन्ही बाजूंना छोटे छोटे प्रसंग, माणसं संकटात सापडलीत आणि त्याला हाक मारताहेत, त्यात बुडणारं जहाज पण आहे. सोपारा, कल्याणहून समुद्रात माल घेऊन जाणाऱ्याच्या मनात काय भीती असेल ती इथे दगडात आहे. ह्याच लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरून ठेवलीत. म्हणजे बाहेरगावहून कान्हेरी बघायला यायचं हे हजार वर्षांपूर्वीपासून चाललंय. (नाव कोरायचं मात्र आता बंद, हे पोरांना त्याच दमात सांगा.)

वर फिरताना दोन-तीन मोठी माणसं पुढे-मागे ठेवा आणि सगळ्यांनी भेटायची जागा तीन नंबरच्या पायऱ्या अशी आधीच ठरवा, तिथे मोबाईलला रेंज असेलच असं धरून चालू नका. एकूण अडीच-तीन तास पुरतात. दीडच्या आत खाली उतरा, डबा वर माकडांसमोर उघडू नका, बसने गेटवर येऊन मगच जेवा किंवा बोरिवली पूर्वेला कुठेतरी थाळी घ्या. जेवण झाल्यावर वयस्कर मंडळींना विचारून बघा, त्यांना घरी जायचं असेल तर इथून जाऊ दे, दोन ठिकाणं मनापासून बघितली तरी भरपूर झालं.

बाकीच्यांनी परत मेट्रो ७ पकडून जोगेश्वरी पूर्वला उतरायचं, रिक्षाला जोगेश्वरी गुंफा किंवा केव्हज रोड सांगितलं की कळतं. चार-साडेचारला पोहोचा. घरांच्या दाटीतून जाता जाता एकदम जमिनीत उतरणाऱ्या पायऱ्या लागतात आणि तुम्ही खाली जाता. देशातल्या सगळ्यात मोठ्या हिंदू लेण्यांपैकी हे एक, काळ साधारण सहावं शतकच, घारापुरीच्या थोडं आधीचं असं अभ्यासक मानतात. खांबांची लांबच लांब ओळ, मध्ये गाभारा, आणि भिंतींवर शिवाच्या कथा: शिवपार्वतीचं लग्न, सारीपाट, रावण कैलास हलवतोय. इथे पाणी झिरपून झिरपून शिल्पं पार विरघळल्यासारखी झालीत, म्हणून आधी कथा सांगा आणि मग शिल्प दाखवा, नाहीतर लोकांना नुसते उंचवटे दिसतात. कथा माहीत असली की डोळा आपोआप रेषा जोडतो, टॉर्च तिरका धरायचं विसरू नका.

पण जोगेश्वरीत अभ्यासाचं कमी बोला. इथे जोगेश्वरी देवीच्या दर्शनाला आजूबाजूच्या बायका रोज येतात, ऑफिसातून सुटून येणारे येतात, म्हातारे खांबाला टेकून बसलेले असतात. देवीला ओटी भरायची असेल तर सामान सोबत घेऊन जा. प्रसादाची पिशवी, नारळाची शेंडी आत कुठे टाकू नका, आधीच वर वस्ती आणि आत पाझर, ह्या लेण्याने खूप सोसलंय आणि त्याच्याकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवंय असं मला मनापासून वाटतं. फोटो काढताना दर्शन घेणाऱ्या बायकांचे चेहरे येऊ देऊ नका, विचारून काढा. ग्रुपमधल्या एखाद्याला तिथेच थोडा वेळ बसायचं असेल तर बसू द्या, घाई करू नका.

परतीला संध्याकाळी हायवेला ट्रॅफिक लागतं, रिक्षाने घरी जायचा विचार करू नका. लोकलने जायचं असेल तर जोगेश्वरी स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा किंवा चालत, मेट्रोने जायचं तर आलात तसेच परत. सहाच्या आत निघालात तर गर्दीच्या आधी गाडीत बसायला मिळतं.