लोदी बाग ते सफदरजंग: दिल्लीतील एक सकाळ कशी आखावी

दिल्लीला जाणारा मराठी प्रवासी बहुधा लाल किल्ला आणि कुतुबमिनार उरकून परततो आणि लोदी रोडचा परिसर राहूनच जातो. खरे तर सुलतानशाहीपासून उतरत्या मोगलाईपर्यंतचे तीनशे वर्षांचे स्थापत्य येथे एका सकाळीत, पायी आणि कालक्रमाने पाहता येते. हा क्रम मात्र मोडू नये, असा माझा आग्रह आहे.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा. मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरील जोरबाग स्थानकावर सकाळी लवकर उतरून लोदी रोडने पूर्वेकडे चालत बागेत शिरावे. प्रवेश विनामूल्य आहे. येथील खैरपूर गाव हलवून 1936 साली ही बाग आखण्यात आली आणि तिला लेडी विलिंग्डन यांचे नाव देण्यात आले. आजचे नाव स्वातंत्र्यानंतरचे आहे.

प्रथम दिल्लीच्या सय्यद घराण्यातील सुलतान मुहम्मद शाहाची कबर गाठावी. आत जाण्याची घाई न करता बाहेरून एक फेरी मारून बाजू मोजाव्यात. त्या आठ भरतात. भोवती कमानींचा व्हरांडा, कोपऱ्यांना उतरते धिरे आणि छतावर छत्र्या दिसतील. त्या काळी अष्टकोनी कबर प्रामुख्याने सुलतानासाठी आणि चौकोनी अमीर-उमरावांसाठी बांधत, एवढे लक्षात ठेवले की पुढच्या इमारती आपोआप उलगडत जातात.

पुढे बडा गुंबद आणि शीश गुंबद समोरासमोर उभे आहेत. दोन्ही चौकोनी, बाहेरून दुमजली भासतात, आत गेल्यावर मात्र छतापर्यंत एकच उंच दालन आढळते. बड्या गुंबदात कबरच नाही; त्याला लागून असलेल्या 1494 सालच्या मशिदीतील चुन्याचे कोरीवकाम अगदी जवळ जाऊन, पण हात न लावता पाहावे. शीश गुंबदाच्या दर्शनी भागावर निळ्या फरश्यांचे पट्टे तुटक तुटक उरले आहेत. कोवळे ऊन पडले की त्या लकाकतात, आणि ‘शीश’ म्हणजे काच हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही.

आणखी उत्तरेला सिकंदर लोदीची 1517 सालची कबर आहे. अष्टकोन तोच, पण भोवती किल्ल्यासारखी तटबंदी. शेजारचा अकबरकालीन आठपुला ओझरता पाहिला तरी चालेल. सात कमानी, आठ खांब, म्हणून हे नाव.

मग आल्या वाटेने पश्चिमेकडे, लोदी रोडच्या टोकाला सफदरजंगच्या मकबऱ्यापाशी यावे. येथे तिकीट लागते. मराठी माणसाने येथे जास्त वेळ राखून ठेवावा. 1752 मध्ये अब्दालीविरुद्ध बादशाहीच्या रक्षणासाठी मराठ्यांशी करार घडवून आणणारा वजीर तो हाच. 1754 मध्ये तो वारला आणि मकबरा बांधणारा त्याचा मुलगा शुजाउद्दौला 1761 मध्ये पानिपतावर अब्दालीच्या बाजूने उभा राहिला. तरीही विश्वासरावांच्या पार्थिवावर विधिवत अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून खटपट त्यानेच केली. लाल दगडातील पांढरा संगमरवर नीट न्याहाळावा. त्यातला बराचसा अकबराच्या दरबारातील सरदार व कवी रहीम खानखाना याच्या कबरीवरून काढून आणलेला आहे.