आठवणीतल्या झाडाला भेटायला जाताय?

वारलेल्या पेशंटच्या आठवणीत लावलेल्या झाडांपाशी लोक जास्त करून पावसात जातात, फोटो वगैरे छान येतात, पण रोपाला तुमची खरी गरज दिवाळीनंतर, कारण गोव्यात तोवर पाऊस गेलेला असतो आणि जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी काय टिकत नाय. तेव्हा कॅनभर पाणी न्या, आळं नीट करा, वर सुका पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका, कुजतं. नावाची पाटी तारेने बांधलेली असेल तर आधी ती सैल करा, खोड जाड झालं की तार सालीत रुतते. दिवा-अगरबत्ती मात्र नकोच, मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी आठवा. फुलं न्यायचीच तर सुटी अबोली न्या, प्लास्टिकच्या दोऱ्यातला हार नको.