पारेषण वाहिनीवर हरकत नोंदवताय? या चुका टाळा

विजेच्या अतिउच्चदाब पारेषण वाहिनीचा (टॉवरांवरून लांब वीज नेणाऱ्या लाइनचा) प्रस्ताव जाहीर झाला की हरकतींचा ढीग पडतो आणि बहुतेकांना एकच उत्तर मिळतं: ‘नोंद घेतली.’ दरवेळी त्यात मग्रुरीच असते असं नाही. हरकतीत उत्तर देण्याजोगं काही नसेल, तर अधिकारी तरी काय लिहिणार? म्हणून प्रत्येक वाक्य लिहून झालं की विचारा, हे वाचून समोरच्याला नकाशा उघडावा लागेल का?

एका मसुद्याची दोनशे पत्रं

हरकती म्हणजे मतदान नव्हे. छापील मजकुरावर सह्या ठोकलेली पत्रं एकत्र बांधली जातात आणि सगळ्यांना मिळून एक परिच्छेद उत्तर जातं. सामूहिक निवेदन जरूर द्या, पण एकच. बाकी प्रत्येकाने आपल्या जागेबद्दल चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात.

जागेचा पत्ताच नाही

‘शेतीचं नुकसान होईल’ हे खरं असलं तरी त्याचं पुढे काही होत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘टॉवर ४२ चा पाया माझ्या विहिरीपासून २० मीटरवर येतो आणि सिंचनाची पाइपलाइन त्याखालून जाते, तो पूर्वेच्या बांधाकडे सरकवावा.’ आता कोणाला तरी मोजावं लागेल. नकाशा इतका बारीक असेल की टॉवर क्रमांक वाचताच येत नाहीत, तर मोठ्या प्रमाणाचा नकाशा आधी लेखी मागा आणि मागितल्याची तारीख हरकतीत नमूद करा.

इथे तुमची बाजू खरोखर भक्कम असते. आखणी बरीचशी उपग्रहचित्रांवर होते, जागेवरची पाहणी थोड्या भेटींत उरकते. ओढा कोणत्या वळणावर पात्र सोडतो, जुना झरा कुठे आहे, थवे संध्याकाळी कोणत्या बाजूने तळ्यावर उतरतात, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. पक्ष्यांचंच घ्या. क्रौंच किंवा माळढोक यांच्यासारख्या जड पक्ष्यांना समोरची तार उशिरा दिसते आणि चटकन वळता येत नाही. त्यातही सर्वांत वरची बारीक अर्थ वायर, म्हणजे विजेच्या कडकडाटापासून लाइनला वाचवणारी तार, घातक. तारखेचे फोटो जोडून ‘या दोन टॉवरांमधल्या गाळ्यात बर्ड डायव्हर्टर (तार पक्ष्यांना दिसावी म्हणून तिच्यावर लावायच्या खुणा) बसवा’ असं मागितलं, तर नाही म्हणायला कारण द्यावं लागतं.

‘कॅन्सर होतो’ असं ठोकून देणं

भीती समजण्यासारखी आहे, पण या एका वाक्यामुळे अख्खी हरकत मोडीत निघालेली दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये वीजवाहिन्यांभोवती असतं तशा कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. आधार मुख्यतः मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाशी दिसलेला कमकुवत संबंध. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. दुसरीकडे, ५० हर्ट्झच्या (आपल्या विजेच्या वारंवारतेच्या) चुंबकीय क्षेत्रासाठी सामान्य लोकांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे (२०१०) आणि वाहिन्या सहसा तिच्या बऱ्याच खाली असतात. ‘मर्यादेत आहे’ हे उत्तर आधीच तयार असतं.

त्यापेक्षा आकडा मागा: पूर्ण भार असताना माझ्या घराच्या भिंतीशी क्षेत्र किती येईल? अंतर वाढलं की ते झपाट्याने घटतं, म्हणून मार्ग थोडा सरकवणंही मोलाचं. तारा उंच घेतल्या किंवा दोन सर्किटच्या वाहिनीत (एकाच टॉवरवर तारांचे दोन संच असलेल्या) फेजचा, म्हणजे प्रत्येक संचातल्या तीन तारांचा, क्रम योग्य लावला, तरी ते कमी होतं. दमट हवेत तारांचा चरचर आवाज वाढतो. त्याचाही हिशेब मागा.

‘सगळी लाइन जमिनीखालून न्या’

ऐकायला सोपं. खर्च कितीतरी पटींनी वाढतो, लांब एसी केबलमध्ये चार्जिंग करंटच (केबल सतत भारित ठेवायला लागणारा प्रवाह) बरीच क्षमता खातो आणि बिघाड शोधून दुरुस्त करायला आठवडे लागू शकतात. शिवाय केबलवरच्या पट्ट्यातही खोल मुळांची झाडं लावता येत नाहीत. शाळेजवळचा किंवा वस्तीतला नेमका तुकडा मागितला, तर निदान चर्चा होते.

पर्याय अर्धवट सुचवणं

‘पलीकडून न्या’ म्हणजे पलीकडच्याच्या डोक्यावर. तुमची रेघ दोन्ही टोकांना मूळ मार्गाला जोडून दाखवा आणि वाटेत कोणाची घरं येतात तेही लिहा. प्रत्येक वळणावर साध्या टॉवरऐवजी जड कोन-टॉवर लागतो, म्हणून सात वळणांचा पर्याय कोणी बघणार नाही. आधीच्या वाहिनीला किंवा रस्त्याला समांतर जाणारा मार्ग जास्त टिकतो.

नुसता नकार

अटी मागितल्या तर संमती धरली जाईल, म्हणून लोक काहीच मागत नाहीत. मग वाहिनी मंजूर होते आणि अटींत त्यांचं काही नसतं. ‘माझी हरकत कायम ठेवून, मंजुरी दिल्यास’ अशी सुरुवात करा आणि मग मागा: पीक निघाल्यावरच काम, वरची माती वेगळी ठेवून परत पसरणं, येण्याजाण्याचा रस्ता ठरलेला.

चुकीचं दार, चुकीची वेळ

वाहिनीची गरज, मार्ग आणि मोबदला हे पुष्कळदा वेगवेगळ्या टप्प्यांवर, वेगवेगळ्या कार्यालयांत ठरतात. मार्गाच्या सुनावणीत दराची तक्रार केली, तर ‘हा विषय इथला नाही’ हेच ऐकावं लागेल. नोटिशीत कोणता प्रश्न खुला आहे ते आधी वाचा. शेवटच्या दिवसावर विसंबू नका, पोच घ्या. मुदत टळलीच असेल तर उशिराचं कारण लिहून तरीही द्या. पुढच्या टप्प्यात ते कागद उपयोगी पडतात. तोंडी बोलायला मिनिटंच मिळतात, तेव्हा एकच मुद्दा मांडा आणि बाकीचं लेखी सोपवा.

निर्णय आला की हरकतींच्या उत्तरांचा तक्ता शोधा. त्यात तुमचा मुद्दा नसेल, तर पोच क्रमांक टाकून तेवढंच विचारणारं पत्र पाठवा, आणि अपिलाची मुदत कधीपासून मोजली जाते ते त्याच दिवशी पाहून ठेवा.