सिंगापुरात नव्याने राहायला जाताना: घर आणि रोजचा प्रवास

सिंगापुरात नोकरीसाठी जाणाऱ्याने घर शोधण्याआधी कार्यालयाचा पत्ता नकाशावर पाहावा आणि शक्यतो गाडी न बदलता तिथे पोहोचता येईल, अशा एमआरटी (म्हणजे तिथली मेट्रो रेल्वे) स्थानकांच्या आसपासची घरे निवडावीत. स्थानकापासूनचे अंतर दलालाच्या शब्दावर न सोडता भर दुपारी स्वतः चालून पाहावे. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावरच्या या शहरात दहा मिनिटांच्या चालण्यानेही शर्ट घामाने चिकटतो आणि पाऊस न सांगता कोसळतो, त्यामुळे छप्पर असलेली पायवाट घराच्या दारापर्यंत येते का, हे मला तरी स्वयंपाकघराच्या आकारापेक्षा महत्त्वाचे वाटते.

भाडेकरार खासगी घरासाठी किमान ३ महिन्यांचा, तर एचडीबीच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) घरासाठी किमान ६ महिन्यांचा असावा लागतो. दीर्घ करारावर सही करण्यापूर्वी, नोकरी सुटून देश सोडावा लागल्यास तो मुदतीआधी संपवण्याची मुभा देणारा ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ त्यात आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

प्रवासासाठी कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालते. मात्र परदेशी कार्डावर जादा शुल्क लागते, म्हणून स्थानिक खाते उघडेपर्यंत ईझी-लिंक हे आधी पैसे भरून वापरायचे प्रवास कार्ड वापरलेले बरे. बसमधून उतरतानाही कार्ड यंत्राला टेकवावे, अन्यथा शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. एमआरटीत खाण्यापिण्याला मनाई असून दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत होऊ शकतो. गाडीचे डबे चांगलेच गार असतात, त्यामुळे छत्रीबरोबर एखादे पातळ जॅकेटही पिशवीत असू द्यावे.