एक्स्पोनेन्शियल मॉडेल कुठे लावायचं आणि कुठे थांबायचं

फॉर्म्युल्यात आकडे कोंबायच्या आधी एक काम करा, सारख्या अंतराने घेतलेल्या नोंदी असतील तर प्रत्येक नोंदीला तिच्या आधीच्या नोंदीने भागून बघा. भागाकार दरवेळी साधारण तेवढाच येतोय? मग मामला एक्स्पोनेन्शियल, म्हणजे घातांकी. वजाबाकी सारखी येत असेल तर ती सरळ रेषा, तिथे घातांकाचं काही काम नाही.

फॉर्म्युला एवढाच: किंमत = सुरुवात × गुणक^वेळ (^ म्हणजे घात, आणि गुणक म्हणजे वरचा तो भागाकार). गुणक १ पेक्षा मोठा तर वाढ, ० आणि १ च्या मधला तर घट. तासाला १२ टक्के घट म्हटलं की निम्मी पोरं गुणक ०.१२ लिहून मोकळी होतात, अरे ०.१२ गेलं ना, उरलं ते ०.८८ आणि गुणक तोच!

आता समजा बॅक्टेरिया ५०० होते, ४ तासांनी १२०० झाले, म्हणजे २.४ पट. तासाचा गुणक काढताना २.४ ला ४ ने भागायचं नाही, चौथं मूळ काढायचं, साधारण १.२४५ येतं. ६ तासांनी ५०० × १.२४५^६, म्हणजे १८६० च्या आसपास. दुप्पट व्हायला किती वेळ? लॉग २ भागिले लॉग १.२४५, सव्वातीन तासांच्या जरा आतच.

घटीत अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, दिलेलं असेल तर काम अजून सोपं. किरणोत्सारी आयोडीन-१३१ चं ८ दिवस, म्हणून २४ दिवसांनी आठवा भाग उरतो. कार्बन-१४ चं ५७३० वर्षं, पाव भाग उरला असेल तर नमुना ११४६० वर्षं जुना.

खरी गंमत गरम पाण्यात आहे. खोली २५ अंश, पाणी ९०, दहा मिनिटांनी ६४, अजून दहांनी ४८.४. भागून बघा, ०.७१ आणि ०.७६, जुळतच नाही, आणि इथेच लोक मॉडेल सोडून देतात. पण आधी खोलीचे २५ वजा करा, उरतात ६५, ३९, २३.४ आणि गुणक दोन्ही वेळा बरोब्बर ०.६, कारण घटतो तो फरक, तापमान नाही.

आणि मॉडेल लांबवर ताणू नका. ई. कोलाय या बॅक्टेरियाला पोषक माध्यम मिळालं तर ते २० मिनिटांत दुप्पट होतं, हाच वेग २४ तास टिकला तर ७२ वेळा दुप्पट होऊन एका पेशीचा हजारो टनांचा ढीग होईल, जो अर्थातच होत नाही, खाणं आधीच संपतं. वाढीचा गुणक नोंदीगणिक १ कडे सरकायला लागला की घातांक सोडा आणि लॉजिस्टिक कर्व्ह घ्या, म्हणजे आधी वेगाने वाढून मग एका मर्यादेपाशी सपाट होणारा.